दोन काचांच्या मधलं

आधी वाटलं, जाळी धुतली नाही म्हणून.
मग वाटलं, माझाच मोतीबिंदू.
आतून पुसलं, बाहेरून स्टुलावर चढून पुसलं,
वर्तमानपत्रानं, व्हिनेगरनं, शेवटी राखेनं.
धुकं जागचं हललं नाही.
नणंदेचा नातू बोटानं हत्ती काढायला गेला
आणि काचेलाच विचारू लागला,
"तू कोणत्या बाजूनं ओली आहेस?"

कोणत्याच नाही, बाळा.

ही काच दुहेरी.
औरंगाबादच्या कुठल्याशा हॉटेलनं ऐनवेळी नाकारलेली,
स्वस्तात मिळाली; मापाची खिडकी नव्हती,
तर आम्ही भिंत फोडली.
हे तेव्हा फर्नेसवर, रात्रपाळीला.
सकाळी नऊला झोपायचे
आणि पलीकडच्या यार्डात बरोबर नऊलाच
क्रेनचं चुंबक ट्रकभर भंगार सोडायचं.
धडाम. मांडणीतली भांडी सरकायची.
काच बसली त्या दिवशी दारात उभी राहून
मी यांचं घोरणं ऐकलं.
जालन्याच्या या टोकाला
घोरणं ऐकू येणं ही चैन होती.

कादराबादहून मुबीन आला, सोबत पोरगं, अर्शद.
नखानं कड टोकरली, काळं रबर बोटावर आलं.
"सील गेलं, भाभी. दोन्ही पल्ल्यांचं."
"मग दुरुस्त करा."
"काच दुरुस्त होत नाय, बदलावी लागते.
लोक भोक पाडून वाळवून देतात, पैसे घेतात,
श्रावणात परत तेच. मी नाय करत."

तो चाकू कडेनं फिरवायला लागला तेव्हा मी म्हणाले,
हळू. आत बारा वर्षांची हवा आहे.
मनात होतं,
सुनेत्रा बारावीला होती ती हवा,
यांचे केस काळे होते ती.
मुबीन हसला नाही.
"ती कवाच गेली. सील फुटलं की काच श्वास घेते.
दुपारच्या उन्हात सोडते, पहाटे ओढते.
ओढताना ओल आत आणते.
हवा बाहेर जाते. ओल राहते."
आणि कडेची पट्टी वाकवून उपडी केली.
साबुदाण्याहून बारीक मणी, फरशीभर.
ओल पिण्यासाठी ठेवलेले.
पोट भरलेले कधीचे.

नवी काच आठ दिवसांनी.
तोवर साधी, एकेरी, खिळ्यांवर टेकवलेली.

पहिल्या सकाळी, नऊला,
धडाम.
माझ्या हातून चहा सांडला.
हे उठून बसले.
रिटायर होऊन चार वर्षं,
कुणाला फोन नाही, गेटपर्यंत चक्कर नाही.
"क्रेन तीच हाय," म्हणाले, "चालवणारा नवा.
लई वरून सोडायलाय.
दगडूबा गुडघ्यापर्यंत आणायचा, मग सोडायचा."
दुसऱ्या दिवशी खुर्ची खिडकीपाशी.
तिसऱ्या दिवशी, "आज पत्रा. काल सळई होती."
पाचव्या दिवशी बोलले नाहीत,
नुसता हात वर केला, थांब म्हणून.
मी थांबले. लसूण करपला.

आठव्या दिवशी मुबीन रिक्षातून उतरला,
काचा गोधडीत गुंडाळून.
हे म्हणाले, "एकाच पल्ल्याला बसव."
"कामून, काका? अर्ध्यातनं पुरा आवाज येईल."
"येऊ दे की."
मुबीननं माझ्याकडं पाहिलं.
पैसे दोन्हींचे दिलेले.
मी त्याची मापाची टेप उगाच गुंडाळत राहिले.

दुसरी काच अजून पलंगामागं आहे, गोधडीतच.
तिच्या आत कोरडी हवा,
कुणीच न घेतलेली.
यार्ड आता स्वच्छ दिसतं:
गंज, गंजावर साळुंकी,
वर लोंबतं चुंबक.

केर काढताना अधूनमधून एखादा मणी सापडतो,
टाचेला टोचला की कळतं.
तो लगेच टाकत नाही मी.
गच्चीवर, पापडांच्या शेजारी
वाटीत ठेवते.
बघू, परत तहान लागते का.